डाव्या हाताचं काज

बाईंच्या शिवणवर्गात दिवसातून पन्नास वेळा तरी एकच शब्द ऐकू यायचा, तो म्हणजे "उसव!" टीप नखभर सरकली, उसव. कॉलर एका बाजूला मान टाकून बसली, उसव. एकदा तर एका बिचारीने दोन तास खपून खिसा लावला. बाईंनी लांबूनच चष्म्याच्या वरून पाहिलं आणि जवळसुद्धा न येता म्हणाल्या, "उसव." तेव्हापासून वर्गात त्यांचं नाव पडलं उसवबाई. हे नाव बाईंना कळलेलं नाही असा सगळ्यांचा समज होता, आणि तो तसाच राहू द्यावा एवढी समज बाईंना होती.

वर्ग होता हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. सात मशीनं, कापायचं एक लांबलचक टेबल, कोपऱ्यात कपडे घालून बघायचा उभा आरसा, आणि दाराशी बटणांचा पत्र्याचा डबा. आत शिरताना प्रत्येकीने आपला फोन त्या डब्यात टाकायचा, हा नियम. मग तासभराने डबा आतून थरथरायला लागायचा, बटणं खुळखुळायची, आणि अकराच्या अकरा जणी माना वर करायच्या. "डब्याला थंडी वाजतेय. तुम्ही शिवा," बाई म्हणायच्या.

या अकरा जणींत एक होती डावरी. बावीस वर्षांची, सकाळी लाँड्रीत इस्त्रीला उभी राहायची आणि दुपारी वर्गाला यायची. हे नाव बाईंनीच ठेवलं होतं, पहिल्याच दिवशी, तिने कात्री डाव्या हातात धरली तेव्हा. पोरगी गुणी. बेतणं चोख, मशीनवर हात असा चालायचा की बघत राहावं. पण हाताने काज करायची वेळ आली की सगळं मुसळ केरात. बाई दाखवायच्या उजव्या हाताने, ही बघायची आणि करायची डाव्या हाताने. दोऱ्याचा वेढा उलटा पडायचा, गाठ कापलेल्या काठावर बसायच्या ऐवजी खाली लोळायची, आणि काज दिसायचं कुणीतरी कुरतडल्यासारखं.

आता बटणाचं भोक ते काय, मशीन मिनिटात पाडून देतं, असं म्हणणाऱ्यांनी बाईंच्या वाऱ्याला उभं राहू नये. शिवणाच्या शेवटच्या परीक्षेत कोटावर हाताने केलेली पाच काजं लागतात, एका तासात. त्यावर पास की नापास ठरतं. आणि डावरीला पास होणं भाग होतं. गावातल्या नाटक कंपनीच्या कपडेपटात एक जागा रिकामी झाली होती. तिथल्या मुख्य शिंप्याने तिचं मशीनवरचं काम पाहून शब्द दिला होता, "प्रमाणपत्र आण, खुर्ची तुझी." तेव्हापासून ती इस्त्री करतानासुद्धा स्वतःशी हसायची म्हणे.

परीक्षेच्या अर्जावर बाईंची सही लागायची, "तयारी पूर्ण" म्हणून. दहा जणींच्या अर्जांवर बाईंनी सही केली. डावरीचा अर्ज मात्र ड्रॉवरमध्ये ठेवला.

"हात बदल, मग सही," बाई म्हणाल्या.

"बाई, उजव्या हातात सुई धरली की मला वाटतं मी दुसऱ्याच्याच हाताने शिवतेय."

"मग तो दुसरा हात आपला करून घे. परीक्षक हात बघतात. तीस वर्षं सांगतेय मी हे. आणि अवघड आहे, अशक्य नाही. माझ्याकडे बघ."

बाईही जन्माच्या डावऱ्याच होत्या. पहिलीत असताना वर्गातल्या मास्तरणीने त्यांचा डावा हात रुमालाने बाकाला बांधून ठेवला होता, एक अख्खं सत्र. सुरुवातीला रडू यायचं, मग उजव्या हाताची अक्षरं वळायला लागली, मग सुई, मग कात्री. बाई ही गोष्ट अगदी अभिमानाने सांगायच्या. "माझा सुधारला, तुझाही सुधारेल." त्यांच्या मनात खोट नव्हती हो. पोरीचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं, आणि भलं करायची ही एकच रीत त्यांना कुणी दाखवली होती.

डावरी मान खाली घालून "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" बाईंना कधीच आवडायचं नाही. भांडली असती तर निदान दोन शब्द ऐकवता आले असते.

त्याच आठवड्यात वर्गाचं छत खाली आलं. म्हणजे सगळं नाही, मशीन नंबर चारवर टोपलीभर गिलावा पडला. नशीब, तेव्हा सगळ्या आरशासमोर गर्दी करून एकीचा कोट बघत होत्या. घरमालकाने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि सांगितलं, "तीन आठवडे तरी लागतील." परीक्षा होती पाच आठवड्यांवर. अर्ज द्यायची मुदत तीन आठवड्यांनी संपत होती. बाईंनी कपाळाला हात लावला.

तोडगा काढला जुळ्यांच्या आईने. वर्गातली सगळ्यात बोलकी बाई तीच. घरी दोन पोरं एकाच वेळी रडत असल्यामुळे तिला मोठ्याने बोलायची सवयच लागली होती. "बाई, तुम्ही काज करतानाचा व्हिडिओ काढा आणि ग्रुपवर टाका. आम्ही घरी बघून करू, फोटो पाठवू. माझी पोरं गणितसुद्धा फोनवरच शिकतात."

"मी काय नटी आहे का व्हिडिओ काढायला?"

"हातच दिसू देत की, बाई. चेहरा कोण बघतंय!"

यावर सगळ्या फिदीफिदी हसल्या, आणि बाईंना हो म्हणावं लागलं.

बाईंच्या घरी उजेडाचं टेबल एकच, ते त्यांच्या नवऱ्याचं. नवरा घड्याळजी. दुकान बंद केलं तरी हाताची खाज जात नव्हती, म्हणून खिडकीपाशी टेबल मांडून तो गावभरची बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचा. टेबलावर भिंगाचा स्टँड होता, लांब वाकड्या मानेचा. भिंग काढून त्याजागी बाईंचा फोन रबरबँडने बांधायचा, असं ठरलं.

"अहो, तुमचं हे घड्याळ उचला इथून."

"ते तेल पिऊन बसलंय. हलवू नकोस. कोपऱ्यात आहे, तुला काय करतंय?"

मग ते घड्याळ, पांढऱ्या तबकडीचं, टेबलाच्या कोपऱ्यात उताणं टिकटिकत राहिलं.

पहिला व्हिडिओ निघाला चाळीस मिनिटांचा. त्यात टेबलाची कड दिसत होती आणि मधूनमधून बाईंचा अंबाडा. हात म्हणून कुठे नव्हते. बाईंचा पारा चढला. दोष अर्थातच नवऱ्याला मिळाला, कारण स्टँड त्याचा. दुसऱ्या वेळी बाईंनी स्वतःच अक्कल चालवली. फोन असा बांधला की पडदा खाली, त्यांच्याकडे. मान जरा वर केली की चौकटीत हात आहेत की नाहीत ते दिसायचं. पडद्यावरचं ते बटण दाबलं की पुढचा कॅमेरा चालू होतो, एवढं त्यांना भाचीने शिकवलं होतं. त्या कॅमेऱ्याचे आणखी काही गुण असतात, हे भाची सांगायला विसरली होती.

बाईंनी कोटाचा डावा भाग समोर घेतला, घसा साफ केला आणि सुरू केलं. "पुरुषाच्या कोटाची काजं डाव्या भागावर येतात, हे कुणी विसरलं तर मला तोंड दाखवू नका. खडूने खूण. आता कात्री. भिऊ नका, कापड काही ओरडत नाही. काठ आधी साध्या टाक्यांनी बांधून घ्या. आता जाड दोरा आत ठेवून वरून गाठी. दोऱ्याचा वेढा सुईच्या टोकाखालून. ओढा. ओढा म्हणजे हिसडा मारू नका! गाठ काठावर बसली पाहिजे, पोळपाटावरची मुंगी नाही ती, इकडेतिकडे फिरायला. घाई केलीत तर काज रडतं." वीस मिनिटांत एक काज झालं, देखणं. बाईंनी व्हिडिओ ग्रुपवर टाकला. स्वतः बघितला नाही. स्वतःचा आवाज ऐकला की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

पुढच्या चार दिवसांत फोटो यायला लागले, आणि बाईंच्या डोक्यावरचे केस उभे राहिले. निम्म्या जणींनी काजं केली होती कोटाच्या डाव्या भागावर, निम्म्यांनी उजव्या. ज्या कानाने शिकणाऱ्या होत्या त्यांनी बाईंचं बोलणं ऐकलं, ज्या डोळ्यांनी शिकणाऱ्या होत्या त्यांनी बाईंचे हात बघितले, आणि दोन्हींचा मेळ लागेना. बँकेतून निवृत्त झालेल्या एक आजी होत्या, त्यांनी बिचाऱ्यांनी सुरक्षित राहावं म्हणून दोन्ही भागांवर काजं केली. आता बटणं लावायला जागाच नाही!

जुळ्यांच्या आईचा फोन आला. "बाई, रागावणार नसाल तर विचारते. तुम्ही डाव्या हाताने का शिवताय?"

"मी? डोळे तपासून घे तुझे!"

"नाही, म्हणजे दिसतंय तसं..."

"तुझी पोरं मांडीवर बसली असतील. उसव सगळं आणि परत कर." बाईंनी फोन ठेवला.

आणि मग डावरीचा फोटो आला. एकही शब्द न लिहिता, नुसता फोटो. करड्या कापडाच्या तुकड्यावर पाच काजं, एकाखाली एक. बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. गाठी एकाला एक लागून, मोती ओवल्यासारख्या. टोकाचा गोल गोलच होता, शेवटचा आडवा टाका घट्ट. मशीनचं काम नव्हतं हे. हाताचंच होतं. पण हात कुणाचा? चार दिवसांपूर्वीपर्यंत हिच्या काजांकडे बघवत नव्हतं.

बाईंना काय वाटावं? आनंद व्हावा की नाही? पण तीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं होतं: आईकडून शिवून आणणाऱ्या, मावशीकडून आणणाऱ्या, एक तर सरळ शिंप्याकडून आणणारी. त्यांचं डोकं फिरलं. फोन लावला.

"कुणाकडून करून घेतलीस?"

पलीकडे इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला. "मीच केली, बाई."

"खोटं बोलू नकोस. चार दिवसांत हात असा बदलत नाही. मला बदलायला वर्ष लागलं."

"हात नाही बदलला मी."

"मग तर झालंच! फसवून सही मिळत नाही माझी. सांगून ठेवते, अर्ज ड्रॉवरमध्येच राहील."

मग डावरी म्हणाली, "बरं." आणि फोन बंद झाला.

त्या "बरं"ने बाईंचा दिवस नासला. दुपारचा चहा केला, साखर घालायची विसरल्या. घड्याळजीने एक घोट घेतला, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा तसाच प्यायला. मग वेळ घालवायला म्हणून बाईंचा फोन उचलला आणि तो व्हिडिओ लावला.

"बंद करा तो. माझा आवाज नको मला."

"आवाज बंद करतो. माझं घड्याळ बघतोय. तेल दिल्यावर किती मागे पडतंय ते..." तो मध्येच थांबला. फोन डोळ्यांजवळ नेला. "अगं. अगं, हे घड्याळ उलटं चालतंय."

"काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. चाळीस वर्षं घड्याळं बघितलीत मी. सेकंदकाटा मागे जातोय. आकडेही बघ, तीनच्या जागी नऊ." मग तो खो खो हसायला लागला. "आरशातलं आहे हे! तुझ्या फोनने सगळं आरशातल्यासारखं उलटं करून ठेवलंय. बिचाऱ्या पोरी! तू डावा म्हणतेस आणि दिसतोय उजवा!"

बाईंनी फोन हिसकावून घेतला. जुळ्यांच्या आईला दिलेली डोळे तपासायची आज्ञा आठवून त्यांनी दाताखाली जीभ धरली. बँकेतल्या आजींची दोन्हीकडची काजं आठवून हसू फुटायच्या बेतात होतं. पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

पडद्यावर एक बाई काज करत होती, डाव्या हाताने. हात त्यांचेच. बोटावरची भाजल्याची खूण त्यांची, अंगठी त्यांची. सुई डाव्या हातात होती, आणि ती अशी चालली होती की जणू जन्मभर तिथेच होती. वेढा, ओढ, गाठ. वेढा, ओढ, गाठ. कुठे अडखळणं नाही, कसली जबरदस्ती नाही. बाईंच्या मांडीवरचा खरा डावा हात आपोआप हलला, बोटं जुळली, आणि सुई नसताना वेढा घ्यायला लागली.

बाईंना एकदम रुमाल आठवला. निळ्या चौकटींचा होता. इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना त्या नेहमी शेवटापासून सांगायच्या, हात सुधारला तिथपासून. त्या रुमालाची गाठ मनगटावर किती रुतायची, आणि सुट्टीत सगळ्या पोरी पळाल्या तरी आपल्याला सोडवायला कुणी यायचं नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"काय झालं गं?" घड्याळजीने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. घड्याळजी गडबडून गेला. तीस वर्षांत त्याने बायकोला ओरडताना हजारदा पाहिलं होतं, रडताना दोनदा. त्याने उठून तिचा चहा साखर घालून आणला.

डोळे पुसल्यावर बाईंच्या डोक्यात पहिला विचार आला तो डावरीचा. "मेली मी. त्या पोरीला मी चोर म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लाँड्रीत हजर. पर्समध्ये अर्ज, कापडाचा तुकडा, सुई आणि दोरा. आत वाफ अशी की चष्म्यावर धुकं धरलं. डावरी मोठ्या टेबलापाशी चादरींची चळत लावत होती. बाईंना पाहून तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"बस," बाई म्हणाल्या. "एक काज कर. माझ्यासमोर."

"बाई, मी सांगितलं ना की..."

"ऐकलं मी. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही म्हणत. मला बघायचंय म्हणून म्हणतेय."

डावरीने हात पुसले. स्टार्चच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला, पण व्हिडिओ लावला नाही. सवयीने ठेवला असावा. सुई डाव्या हातात घेतली आणि सुरू झाली. आणि बाईंनी पाहिलं, काल पडद्यावर दिसलेले हात जसेच्या तसे समोर, फक्त तरुण. करताना ती पुटपुटत होती. "ओढा म्हणजे हिसडा मारू नका... गाठ काठावर... पोळपाटावरची मुंगी नाही ती..."

"किती वेळा बघितलास तो व्हिडिओ?"

"मोजलं नाही. तीस-चाळीस वेळा. सावकाश करून बघितला. गाठीपाशी थांबवायचा, मागे न्यायचा, परत बघायचा." ती जरा घुटमळली. "बाई, बोलू का एक? फोनमधल्या तुम्ही चाळीस वेळा विचारलं तरी चिडत नाही."

शेजारी चादरी घडी करणारी बाई फिसकन हसली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तशी ती एकदम चादरीत तोंड घालून कामाला लागली.

"आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूने दाखवलं," डावरी म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी केलंत. कुणाला न सांगता. म्हणून मी काही लिहिलं नाही, नुसता फोटो पाठवला. म्हटलं, बाईंना कळेल."

मुद्दाम केलं असं म्हणायचा मोह बाईंना झाला. नाही असं नाही. क्षणभर झालाच. पण काज उसवायला लावणारी बाई स्वतःची चुकलेली टीप झाकून कशी ठेवील?

"मुद्दाम नाही केलं गं," बाई म्हणाल्या. "चुकून झालं. फोन उलटा धरला म्हातारीने. करायला हवं होतं मुद्दाम. मला करायला हवं होतं, कारण मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, मला होतं." त्यांनी पर्समधून अर्ज काढला, इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि सही केली. कागद वाफेने दमट झाला होता, शाई जरा पसरली. "काल जे बोलले ते माझं चुकलं. मनात ठेवू नकोस."

"बरं," डावरी म्हणाली. पण हे "बरं" वेगळं होतं, आणि ते म्हणताना तिने मान वर केली.

घरी जाऊन बाईंनी तोच व्हिडिओ पुन्हा काढला, या वेळी मागच्या कॅमेऱ्याने, घड्याळजीला चौकट सांभाळायला बसवून. ग्रुपवर दोन्ही टाकले आणि लिहिलं, "पहिला डाव्या हातासाठी, दुसरा उजव्या. ज्यांनी कोटाच्या दोन्ही बाजूंना काजं केली त्यांनी एक बाजू शिवून टाकावी. चूक माझी आहे, कुणीही डोळे तपासू नयेत." जुळ्यांच्या आईने यावर एवढी हसरी तोंडं पाठवली की फोन गरम झाला.

छत झालं, वर्ग पुन्हा सुरू झाला. एक बदल झाला. डावरीला काही दाखवायचं असलं की बाई कोपऱ्यातल्या आरशासमोर खुर्ची टाकून पाठमोऱ्या बसायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या हातांकडे नको, आरशात बघ." इतकी वर्षं तो आरसा तिथेच होता, हे मनात येऊन दर वेळी त्यांना खजील वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी फोन बाहेर ठेवायचे होते. बाईंनी बटणांचा डबाच बरोबर नेला आणि तो मांडीवर घेऊन हॉलच्या जिन्यात बसल्या. तास संपेपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं. परीक्षक हात बघतात. तीस वर्षं सांगत आलो आपण. आता त्याने बघितला आणि हटकलं तर?

डावरी बाहेर आली ती सगळ्यांच्या शेवटी.

"काय म्हणाला?"

"माझ्या टेबलाशी आले तेव्हा माझं शेवटचं काज चाललं होतं. उभे राहिले. मला घाम फुटला. मग काजांवरून नख फिरवलं, बटण घातलं, काढलं, परत घातलं. म्हणाले, 'हे कुठे शिकलात?'"

"मग?"

"तुमचं नाव सांगितलं. हाताचं काहीच विचारलं नाही हो बाई. हात बघितलासुद्धा नाही. काजच बघत होते."

बाईंनी डब्यावर हात ठेवला. डब्यातला कुणाचातरी फोन थरथरला आणि बटणं खुळखुळली.

निकाल लागला, अकराच्या अकरा पास. बँकेतल्या आजीसुद्धा. पुढच्या सोमवारपासून डावरी कपडेपटात जाणार होती. शनिवारी ती वर्गात निरोप घ्यायला आली तेव्हा बाकीच्या गेल्या होत्या. खिडकीतून दुपारचं ऊन कापायच्या टेबलावर पडलं होतं.

"आलीस ते बरं झालं. फोन आणलायस ना? डब्यात टाकू नकोस," बाई म्हणाल्या. "तू एक काज कर. मी तुझ्या हातांचा व्हिडिओ काढते. मागच्या कॅमेऱ्याने."

"कशाला, बाई? पुढच्या वर्षी कुणी डावरी आली तर तिच्यासाठी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. सध्या एक डावरी आहे वर्गात." बाईंनी कापडाचा तुकडा पुढे ओढला. "वय जरा जास्त आहे तिचं."

डावरी खुर्ची ओढून बसली आणि सावकाश, प्रत्येक गाठीपाशी थांबत, काज करून दाखवलं. बाईंनी व्हिडिओ काढला, फोन बटणांच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि सुई डाव्या हातात घेतली. साठ वर्षांत पहिल्यांदा. सुई दोनदा पडली. दोरा गुंतला. वेढा चुकला, व्हिडिओ मागे नेला, परत लावला. पहिलीतल्या पोरीची असावी तशी त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. पाऊण तासाने काज झालं. गाठी लोळलेल्या, टोक फुगलेलं, आडवा टाका तिरका. इतकं वाकडं काज त्या वर्गात कुणी केलं नव्हतं.

डावरीने ते उजेडात धरलं. तिच्या ओठांवर तो शब्द आलाच होता, हसू दाबत तिने तोंड उघडलं.

"खबरदार," बाई म्हणाल्या, आणि तुकडा तिच्या हातातून काढून घेऊन छातीशी धरला. "हे उसवायचं नाही."